कचेरीचा तास आणि मल्लूची वाटी

रेवणप्पाचं नाव निघालं की अजून माझ्या तोंडाची चव जाते. तो होता तोवर मी डोक्यावरचा पदर पुढं ओढून त्याला ‘अप्पा’ म्हटलं, अहो-जाहो केलं, कारण तो माझ्या सासऱ्यांच्या वयाचा आणि आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारा. आता मी त्याच्या तेव्हाच्या वयाहून म्हातारी झाले आहे. आता मी त्याला अरे-तुरेच करणार. कुणाला राग यायचा असेल तर येऊ दे.

आमचं गाव तालुक्याचं, निजामाच्या राज्यातलं आणि कानडी मुलखाच्या अगदी अंगाला लागलेलं. रेवणप्पा तिथल्या कचेरीत पेशकार होता. पेशकार म्हणजे तहसीलदारापुढं कागद ठेवणारा आणि वाचून दाखवणारा माणूस, पण ह्याची चाल बघितली असती तर निजामाचा दिवाण निघालाय असं वाटलं असतं. उंच, वाळका, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात काळी शेरवानी, पायात करकर वाजणारा जोडा. कचेरीत उर्दू बोलायचा, गल्लीत मराठी, आणि बायकोवर ओरडायचं असलं की कानडी. तीन भाषा येत होत्या मेल्याला, पण गोड शब्द तिन्हीतला एक येत नव्हता.

त्याची बायको गंगव्वा. बुटकी, गोरी, सदा हसतमुख. मी तिला अव्वा म्हणायची. मूलबाळ नव्हतं तिला. तिच्या भावानं आळंदहून येताना एक पोपटाचं पिल्लू आणून दिलं, अजून डोक्यावर पिसंही नीट फुटली नव्हती. तिनं बोटानं भिजलेलं पीठ भरवून ते जगवलं आणि मल्लू नाव ठेवलं. ती त्याच्याशी दिवसभर कानडीत बोलायची. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा परसातल्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडं पहिल्यांदा दिसलं ते हेच: पडवीत टांगलेला पिंजरा आणि त्याला गाल लावून बोलणारी अव्वा. मला वाटलं, किती नशीबवान पाखरू आहे. तेवढ्यात मल्लूनं चोचीनं रिकामी वाटी उलटी केली, आणि अव्वानं इकडंतिकडं बघत ती गुपचूप सरळ केली.

वाटी रिकामी का, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं.

कचेरीच्या फाटकाशी कडुनिंबाच्या फांदीला रुळाचा तुकडा टांगलेला होता. खाजामियाँ नावाचा पहारेकरी लोखंडी गज घेऊन त्यावर तास वाजवायचा. साऱ्या गावाला तेवढंच घड्याळ. रेवणप्पाचं घर त्या तासावर चालायचं. सकाळी आंघोळ, मग हातावर लिंग घेऊन पूजा. पूजा झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही ही त्यांच्यातली रीत, आणि ती मी वाईट म्हणत नाही. आमच्या गल्लीतली बाकीची लिंगायत घरंही ती पाळायची, पण त्यांच्या घरात पोरं रडली की आधी पोरांना मिळायचं. ह्यानं ती रीत पाखराला लावली. पूजा उरकली तरी आठचा तास पडेपर्यंत मल्लूला दाणा नाही. आठचा तास पडला की करदोड्याची चावी काढायची, डब्याचं कुलूप उघडायचं, भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटीत घालायची, वर एक हिरवी मिरची. मग समोर बसून पान जुळवायचं. पान चघळून झालं की वाटी बाहेर. मल्लूनं खाल्लेलं असो नाहीतर नसो. असंच बाराला आणि असंच पाचला. बाराला तो कचेरीतून करकर करत घरी यायचा तो जेवायला आणि मल्लूची वाटी काढायला. पाण्याला मात्र बंदी नव्हती, एवढं खरं सांगते.

मधल्या वेळी मल्लू ओरडला तर पिंजऱ्यावर गोणपाट. मधल्या वेळी चोच कशात घातली तर पिंजऱ्यावर छडी. पाखराला नाही मारायचा, पिंजऱ्याला मारायचा. पण आत बसणाऱ्याला त्यात काय फरक?

“पोट म्हंजे सरकारी नोकर हाय,” तो म्हणायचा. “बोलवल तवाच यायचं. वखत म्हंजे वखत.”

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की भाकरी थापताना हातात राग उतरायचा आणि भाकरी फाटायची.

एकदा खाजामियाँला बसल्या जागी डोळा लागला आणि बाराचा तास उशिरा पडला. रेवणप्पानं त्याची तक्रार केली आणि बिचाऱ्याला फाटकाशी उन्हात उभं केलं. वर संध्याकाळी त्याला गल्लीत गाठून चारचौघांत म्हणतो कसा, “तुझ्या झोपंपायी माझा राघू उपाशी ऱ्हायला!” ऐका! उपाशी ठेवणारा कोण आणि उन्हात उभा राहणारा कोण. खाजामियाँ सलाम करून हसला. रेवणप्पा गेल्यावर आमच्या सासऱ्यांना म्हणाला, “पटवारीसाब, मैं तास बजाऊं तो तोता खाता, नई तो नई. अल्लानं ये किस काम पे लगा दिया मेरेकू!”

अव्वाचं काय चालायचं हे विचारू नका. एका दुपारी मल्लू फारच केविलवाणा ओरडत होता म्हणून तिनं भाकरीचा तुकडा गजांतून आत सारला. संध्याकाळी रेवणप्पा घरी आला, पिंजऱ्याखाली कण दिसला. पाचचा तास पडला आणि चावी करदोड्यालाच राहिली. मल्लू ‘तास झाला, तास झाला’ म्हणून गळा काढत राहिला. हो, हे तो बोलायला शिकला होता, दुसरं काय शिकणार? त्या दिवशी अव्वाही जेवली नाही. त्यानं तिला जेवू नको म्हटलं नव्हतं, पण मल्लूच्या समोर बसून ती घास कसा गिळणार? तेव्हापासून तिनं पुन्हा तसं केलं नाही. मी केलं.

मी भूम तालुक्यातल्या ईटची. आमच्या घरी राघू होता आणि त्याची वाटी मी कधी रिकामी बघितली नाही. येणारा-जाणारा शेंगदाणे टाकायचा. मला तीच माया वाटायची. म्हणून रेवणप्पा कचेरीत गेला की मी भिंतीवरून हात घालून मिरची द्यायची, कधी पेरूची फोड, कधी शेंगदाणा. अव्वा पाठ फिरवून तांदूळ निवडत बसायची. तिनं बघितलं नाही आणि मी दिलं नाही, असं आमचं ठरलेलं. मल्लू आधी छडी कुठं आहे ते बघायचा, मग घाईघाईनं घ्यायचा.

पकडली गेले ती मिरचीच्या देठावरून. त्या दिवशी रेवणप्पानं दिलेली मिरची लाल होती आणि पिंजऱ्याखाली हिरवीचं देठ पडलं होतं. पेशकार ना, कागदातली खाडाखोड हुडकणारा! आमच्या ओसरीवर येऊन देठ सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवलं.

“तुमच्या सुनंला इचारा, हे कुनाच्या झाडाचं हाय.”

मामंजींनी देठाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “अहो रेवणप्पा, पाखराच्या तोंडी एक मिरची गेली तर काय आभाळ कोसळलं?”

“आभाळ न्हाय कोसळत, पाखरू मरतंय. इचारा तिला, तिच्या माह्यारचा राघू कशानं मेला ते!”

मी दाराआड उभी होते, तिथंच थिजले. ते मी अव्वाला एकदा विश्वासानं सांगितलं होतं आणि त्यानं आतून ऐकलं होतं. खरं होतं ते. आमचा राघू शेंगदाणे खाऊन खाऊन असा फुगला की त्याला दांडीवर बसवेना. धाप लागायची. एक दिवस भर दुपारी पायात शेंगदाणा धरूनच पडला. माझ्या वडलांनी दोन दिवस तोंडात पाणी घेतलं नाही. ही गोष्ट त्यानं ओसरीवर, माणसांत, एखाद्या गुन्ह्याची फिर्याद वाचावी तशी वाचून दाखवली. वर म्हणाला, “माया करत्यात आन् मारत्यात. माझा सात वर्सं झाली, पिसाला डाग न्हाय.”

मामंजींनी मला आत बोलवून चार शब्द सुनावले आणि माझा हात भिंतीपलीकडं जायचा बंद झाला. बरोबर होतं रेवणप्पाचं, हीच तर माझी खरी आग होती. मल्लूची पिसं खरंच तकतकीत होती. त्या माणसाचं बरोबर असणं मला त्याच्या चुकीपेक्षा जास्त सलायचं.

पण मग तहसीलदारसाहेब त्याच्या घरी आले होते तो दिवस आठवतो. भला माणूस होता, हैदराबादकडचा, थोडा गलेलठ्ठ. पोपटाची कीर्ती ऐकून आला होता. आम्ही बाया भिंतीआडून बघत होतो. साहेबांनी ताटातली पेरूची फोड उचलली आणि गजांशी धरली. “लो मियाँ, खाओ.” वेळ तिसऱ्या प्रहराची, पाचला अवकाश होता. मल्लूनं फोडीकडं बघितलं. मान लांब केली. मग मान वळवून रेवणप्पाकडं बघितलं, आणि सरकत सरकत दांडीच्या पार टोकाला जाऊन मान खाली घालून बसला.

साहेब थक्क झाले. “पेशकारसाब, ये तोता है या मुलाजिम?”

राघूला सरकारी नोकर म्हटलं म्हणून सगळे हसले. रेवणप्पाला ती शाबासकी वाटली. पुढं वर्षभर तो ती ज्याला त्याला सांगत होता. माझ्या डोळ्यांपुढून मात्र ती खाली गेलेली मान हलेना. अव्वा चहाचे पेले घेऊन उंबऱ्यात उभी होती, तिचीही मान अगदी तश्शीच होती.

मग ते दिवस आले. गावात रझाकारांची भीती, बाहेरून हिंदुस्थानची फौज येणार म्हणून भीती, कोण कुणाला भितंय तेच कळेना. ज्यांना जमलं ते पाहुण्यांच्या गावी गेले. पोलीस ॲक्शन सुरू झाली त्या सकाळी तहसीलदारसाहेबांचं बिऱ्हाड रिकामं होतं, कचेरीला कुलूप होतं आणि खाजामियाँ बायकापोरं घेऊन बहिणीकडं गेला होता. फाटकाशी रुळाचा तुकडा नुसता लोंबकळत होता.

तास वाजला नाही. साऱ्या गावाच्या छातीत धडधड होती, त्यात तास वाजला नाही हे कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. रेवणप्पाच्या आलं. पूजा करून, शेरवानी घालून तो पडवीत बसला, जाण्याजोगी कचेरी नसताना. ऊन चौकात उतरलं, चौकाच्या निम्म्यात आलं.

“वाटी द्या की त्याला,” अव्वा म्हणाली.

“तास कुठं झालाय?”

दुपार झाली तेव्हा मात्र आज तास पडायचा नाही हे त्यालाही उमजलं. करदोड्याची चावी काढली, डबा उघडला, डाळ घातली, वाटी आत ठेवली. “घे,” म्हणाला. मल्लूनं वाटीकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि गेला सरकत टोकाला. खाली मान.

“घे म्हंतो ना!”

आवाज चढला तसा मल्लू आणखी आक्रसला. इतकी वर्षं तासाशिवाय चोच घातली की छडी. पाखरू बिचारं शिकवलेलं विसरलं नाही, ह्यात त्याचा काय गुन्हा?

त्या दिवशी वाटी पानाबरोबर बाहेर आली नाही. संध्याकाळी डाळ आंबली, त्यानं ती टाकून दुसरी घातली. दुसऱ्या दिवशी मिरची ठेवली, पेरू ठेवला. अव्वानं पीठ भिजवून बोटावर धरलं, लहानपणी भरवायची तसं. मल्लूनं चोच मिटलेलीच ठेवली. आम्हा सगळ्यांना घराबाहेर पडायची चोरी होती, म्हणून मी भिंतीशीच असायची. माझ्या हातची मिरचीसुद्धा त्यानं घेतली नाही. रेवणप्पा सारखा त्याच्यासमोर होता ना. मी म्हटलं, अव्वा, त्यांना आत जायला सांगा. तो आत गेला, दार लावून घेतलं. तरी नाहीच. मल्लू आता त्याला भीत नव्हता, तास न पडलेल्या वेळेला भीत होता.

तिसऱ्या दिवशी तो दांडीवरून उतरला आणि पिंजऱ्याच्या तळाला पिसं फुगवून, डोळे मिटून बसला. अव्वाच्याही पोटात तीन दिवस काही नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली होती आणि रडतही नव्हती.

मला राहवलं नाही. जन्मात कधी त्या माणसापुढं आवाज चढवला नव्हता. पदर पडला तर पडला, म्हटलं आणि भिंतीवरून ओरडले, “अप्पा, परात घ्या आन् वाजवा! त्याला आवाज पाहिजे, दुसरं काही नाही!”

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी खोटा शिक्का मारायला सांगितलाय.

“तास सरकारी असतोय,” तो म्हणाला. “घरात वाजवायचा मला अधिकार न्हाय.”

“सरकार आहे कुठं अप्पा?”

“यील. ह्ये न्हाय तर त्ये यील. सरकार म्हनल्यावर तास वाजतोयच.”

समोर पाखरू मरत होतं आणि हा कुठल्यातरी सरकारची वाट बघत होता. मी पुष्कळ माणसं पाहिली, लबाड पाहिली, दुष्ट पाहिली. पण इतका प्रामाणिक दगड दुसरा बघितला नाही.

अव्वा उठली. स्वयंपाकघरात गेली आणि पितळेची परात आणि उलथणं घेऊन आली. त्यानं तिचं मनगट धरलं. “येडी झालीस का? गावात फौज शिरलीय. आवाज ऐकून गोळी घालतील!” ती कानडीत काहीतरी म्हणाली. ते मला नंतर तिनंच सांगितलं: “घालू दे. मला आधी घालू दे.” हात सोडवून घेतला आणि परातीवर उलथणं हाणलं.

साऱ्या गल्लीत हलकल्लोळ झाला. लोकांना वाटलं धाड आली. सासूबाई कणगीमागं दडल्या, मामंजी मुसळ घेऊन दारामागं उभे राहिले, कुणीतरी ‘आलेऽ आलेऽ’ म्हणून बोंब मारली. अव्वा वाजवतच होती, मोजून, एकेक ठोका सोडून, खाजामियाँ वाजवायचा तसा. बारा झाले. परातीचा नाद अजून हवेत होता. पिंजऱ्यातून घोगरा, अगदी बारीक आवाज आला.

“तास झाला.”

आणि मल्लू लडखडत वाटीशी गेला आणि खाऊ लागला.

रेवणप्पा खांबाला धरून उभा होता. आनंद झाला का लाज वाटली, चेहऱ्यावरून काही कळलं नाही. अव्वानं परात खाली ठेवली आणि हात पुढं केला. “चावी.” एवढंच. त्यानं करदोड्याची चावी काढून दिली. ती पुन्हा त्याच्या कमरेला मी पाहिली नाही.

गोष्ट इथं संपली असती तर मी आज इतकी जळाले नसते. पुढं सगळं थंडावलं, रेवणप्पा म्हणाला होता तसं दुसरं सरकार आलं, कचेरी उघडली, खाजामियाँ परतला आणि त्याच रुळावर त्याच गजानं तास वाजवू लागला. अव्वानं डब्याचं कुलूप विहिरीत टाकलं. मल्लूची वाटी सकाळपासून भरलेली असायची, ताजी डाळ, फळ, मिरची. आणि मल्लू त्या भरल्या वाटीशेजारी मान खाली घालून आठची वाट बघायचा. मग बाराची. मग पाचची. तास पडला की खायचा, पान चघळून होईल एवढा वेळ खायचा आणि मागं सरायचा. आता त्याला कुणी छडी मारत नव्हतं, गोणपाट टाकत नव्हतं. गरजच उरली नव्हती. अव्वा म्हणायची, “पोरी, ह्येला मी जगिवला का त्येनं?” आमचा राघू भरल्या वाटीनं मेला होता, मी कुठल्या तोंडानं बोलू?

नंतर माझ्या नवऱ्याची बदली धाराशिवला झाली आणि गाव सुटलं. काही वर्षांनी मामंजींच्या श्राद्धाला गेले, तोवर मल्लू गेला होता आणि त्याच्या मागोमाग अव्वाही. परसात उभी राहिले तर पडवीत रिकामा पिंजरा तसाच टांगलेला. खाली रेवणप्पा बसला होता. शेरवानी नव्हती, कपाळावरचे पट्टे वाकडे आले होते. पुढ्यात ताट वाढलेलं, भाकरी कडक झालेली, आमटीवर पापुद्रा धरलेला.

त्याची पुतणसून बाहेर आली. मला बघून कपाळाला हात लावला. “काय करावं काकी? कचेरी कालच गेली गावाभाईर नव्या इमारतीत. हितं तास ऐकू येत न्हाय. आन् ह्ये ताट शिवत न्हाईत. वखत झाला न्हाय म्हंत्यात. कालपास्नं असंच चाललंय.”

खोटं कशाला बोलू? माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, बस म्हणावं. बस उपाशी. कळू दे. मी भिंतीला टेकून चांगली बघत उभी राहिले, आणि मला बरं वाटलं, हेही सांगते. त्यानं ताटाकडं बघितलं. मान लांब केली. मग कुणीतरी ओरडेल असं वाटल्यासारखा मागं सरला आणि मान खाली घालून बसला.

ती मान मी ओळखत होते.

“अव्वाची परात आहे का गं?” मी पुतणसुनेला विचारलं. तिनं आणून दिली. मी भिंतीवर परात ठेवली आणि उलथण्यानं हाणली. हळू नाही हाणली. सगळा राग त्या हातात होता, मिरचीच्या देठाचा, ईटच्या राघूचा, त्या तीन दिवसांचा. बारा ठोके मोजले. त्यानं डोकं वर केलं, आधी पिंजऱ्याकडं बघितलं. पिंजऱ्यातून कुणी बोललं नाही. तो बघतच राहिला.

मग मीच म्हटलं, “अप्पा, तास झाला. जेवा.”

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला.